पाच पात्रं, साडेतेरा महिने : माझा स्ट्रीट फायटर ६

भोगीच्या दिवशी, १४ जानेवारी २०२४ ला, भाचा त्याचा पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा गेम-संच, पिशवीत घालून आमच्याकडे आला. पुढच्या आठवड्यात तो शिकायला जर्मनीला निघणार होता. "आत्या, घरी राहिला तर नुसता धूळ खाईल. तू खेळ," म्हणाला, टीव्हीला वायर जोडून दिली आणि बाजरीची भाकरी खाऊन गेला. आत डिस्क होती स्ट्रीट फायटर ६ ची, दोघांनी समोरासमोर मारामारी करायच्या व्हिडिओ गेमची.

तेव्हापासून २ मार्च २०२५ पर्यंत मी हा खेळ जवळजवळ रोज खेळले आणि त्यात पाच पात्रं बदलली. हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांना वाटतं की आपलं वय गेलं, बोटं चालत नाहीत, किंवा एक पात्र जमलं नाही म्हणजे हा खेळच आपल्याला जमणार नाही. मला हे तिन्ही वाटून गेलंय.

सुरुवात केली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. १९९२-९३ च्या सुमाराला मिरजकर तिकटीजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक टोकन. दादा तिथे पडीक असायचा आणि त्याला जेवायला बोलवायला आई मला पाठवायची. मुली आत जात नसत. दादाचा डाव संपेपर्यंत मी दारात उभी राहून पडदा बघायचे. खेळ याच मालिकेतला, स्ट्रीट फायटर २. त्यातल्या रियूने हातातून निळा गोळा सोडला की सगळी मुलं एकदम "आडूगेन!" ओरडायची. खरा शब्द हडोकेन आहे हे मला तीस वर्षांनी कळलं. पडद्यावरचे चेहरे सगळे तोंडपाठ होते, दांडीला मात्र हात कधी लागला नव्हता.

आधी खटपटीचं सांगते, कारण माझे पहिले दोन आठवडे त्यातच गेले. डिस्क कुठल्याही खात्यावर चालते, पण ऑनलाइन खेळायला सोनीची वर्गणी लागते. खातं उघडताना देश नीट बघून निवडा, तो नंतर बदलता येत नाही. माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेत चौकशी केली तेव्हा कळलं की कार्डावर परदेशी व्यवहार बंद आहेत. ते सुरू करून घ्यायला एक शनिवार गेला. वर्गणी पहिल्यांदा महिन्याची घेतली, हे नक्की चालणार असं वाटल्यावर वर्षाची. सोबत हा खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा आयडीही काढून जोडून घ्या. मग बकलर्स बूट कॅम्प या त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या सगळ्या सामन्यांचा हिशेब दिसतो. आणि वायफायवर खेळू नका. मी वीस मीटरची लॅन केबल ६२० रुपयांना आणून दाराच्या चौकटीवरून फिरवली. समोरच्याला आपण वायफायवर आहोत की केबलवर हे चिन्हावरून दिसतं, आणि वायफाय दिसलं की बरेच जण सामना नाकारतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा. मला हे महिनाभर माहीत नव्हतं. बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते ती माझ्याच बोटांमुळे, असं समजून मी बसले होते.

पहिलं पात्र रियू. दुसरं कुणी मनात आलंच नाही.

मानांकनाच्या सामन्यात उतरायला आधी दहा सामने खेळावे लागतात, त्यावरून पायरी ठरते. २८ जानेवारीला माझे दहा पूर्ण झाले. दोन जिंकले, आठ हरले. पायरी मिळाली आयर्न. पायऱ्या अशा : रूकी, आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, मास्टर. गुण वाढतील तसं वर जायचं. प्लॅटिनमला १३,००० गुण लागतात, मास्टरला २५,०००. आणि प्रत्येक पात्राची पायरी वेगळी. रियूचे गुण दुसऱ्या पात्राला मिळत नाहीत. हे वाचून तेव्हा धास्ती वाटली होती. पुढे त्याचाच आधार झाला, कारण नवं पात्र घेतलं तरी जुन्याचं काही बुडत नाही.

रियू सरळ माणूस आहे. खाली, तिरपं, पुढे आणि ठोसा : हडोकेन. पुढे, खाली, तिरपं आणि ठोसा : शोर्युकेन. ऐकायला सोपं, पण आपण उजवीकडे गेलो की सगळं उलटं. एका बटणावर डाव टाकून देणारी 'मॉडर्न' पद्धतही खेळात आहे. तसे टाकलेले डाव थोडं कमी नुकसान करतात आणि काही फटके त्यात मिळत नाहीत, हा तोटा. नवख्यांनी ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मी 'क्लासिक' घेतली ती फक्त दादाच्या हाताची ती वळणं डोळ्यांत होती म्हणून.

रियूबरोबर मी हरले ती मुख्यतः एका गोष्टीने : ड्राइव्ह इम्पॅक्ट. प्रत्येकाकडे सहा खणांची एक पट्टी असते. एक खण खर्चून समोरचा रंगांचा फवारा उडवत अंगावर येतो, आपले दोन फटके अंगावर झेलतो आणि भिंत जवळ असेल तर आपल्याला तिच्यावर आपटतो. सेकंदाला साठ चित्रं धरली तर हा हल्ला पोचायला सव्वीस लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर द्यायचं. मी सरावाच्या खोलीत बाहुलीला मध्येच कधीतरी तो हल्ला करायला लावला आणि रोज पंधरा मिनिटं फक्त उलट इम्पॅक्ट मारायचा सराव केला. तीन आठवड्यांनी हात आपोआप जायला लागला. नव्याने सुरू करणाऱ्याने एकच सराव करायचा असेल तर हा करावा. आणि त्या पट्टीचे सहाही खण संपवू नका. संपले की पात्र करडं पडतं, अडवलेल्या डावांनीही रक्त जातं आणि कोपऱ्यात इम्पॅक्ट बसला तर शुद्ध हरपते. महिनाअखेरीला खात्यात काहीतरी शिल्लक ठेवायची सवय इथे कामाला आली.

मार्चमध्ये ब्राँझला पोचले आणि अडले. रियूला सगळं थोडंथोडं येतं, त्यामुळे कधी काय करायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. माझ्याकडे ते ठरवण्याइतकी समजच नव्हती.

म्हणून गाईल. अमेरिकी हवाईदलातला, केस तुऱ्यासारखे उभे. त्याचे मुख्य डाव दोन, पण दोन्ही साठवावे लागतात. मागची दिशा साधारण पाऊण सेकंद धरून ठेवायची, मग पुढे आणि ठोसा : सॉनिक बूम. खाली धरून ठेवायचं, मग वर आणि लाथ : उडी मारून येणारा खाली. अंगठा खाली-मागे तिरपा ठेवला की दोन्ही एकदम साठतात आणि शिवाय बचावही होतो. मला कामं हातासरशी उरकायची सवय. गाईलने मला बसवलं. समोरचा जवळ आला, भीती वाटली, की बोट आधीच सुटायचं आणि बूमऐवजी साधा ठोसा जायचा. एप्रिलभर मी मनातल्या मनात "एक... आणि" म्हणत खेळले. त्यात दिशा आणि ठोसा अगदी एकाच क्षणी पडले तर बूम वेगळा चमकतो आणि गाईल लवकर मोकळा होतो. पहिल्यांदा असा बूम गेला तेव्हा मी सामना तसाच सोडून टीव्हीकडे बघत राहिले आणि ती फेरी हरले.

गाईलबरोबर १९ मे ला गोल्ड झाले. तीनच दिवसांनी, २२ मे ला, अकुमा हे नवं पात्र खेळात आलं आणि पुढचे दोन आठवडे दर दुसऱ्या सामन्यात समोर तोच. विकत घेण्याआधी भाड्याच्या तिकिटावर तासभर खेळून बघता येतं, तसं मी पाहिलं. हात जबरदस्त आहेत, पण बहुतेकांचं आयुष्य, म्हणजे मार सोसायची ताकद, १०,००० असतं तिथे त्याचं ९,०००. दोन चुका झाल्या की संपलं. माझ्या चुका तेव्हा दोनावर थांबत नव्हत्या. तासाभरात उत्तर मिळालं आणि पैसे वाचले.

जून लागला, पाऊस सुरू झाला आणि मी झँगीफ घेतला.

याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. आमचे काका तालमीत जायचे. लाल मातीतली कुस्ती मी लहानपणापासून बघत आलेय. झँगीफ रशियन मल्ल आहे, आयुष्य ११,०००, चाल संथ, आणि हातात गोळा-बिळा काही नाही. त्याला समोरच्यापर्यंत चालतच जावं लागतं. पण एकदा मिठीत घेतलं की उचलून, हवेत फिरवून, डोक्यावर आपटतो. दोन-तीन फेकींत निम्म्याहून जास्त आयुष्य जातं. काका म्हणायचे, पट काढायच्या आधी अंतर बघ. झँगीफ म्हणजे नुसतं अंतर. गोळा आला की थांबायचं, पॅरी, म्हणजे फटका जिरवणारा बचाव, धरून तो जिरवायचा, अर्धं पाऊल पुढे. पुन्हा गोळा, पुन्हा अर्धं पाऊल. समोरचा मागे सरकत सरकत कोपऱ्यात जातो आणि त्याची घाई बटणांतून दिसायला लागते. तो उगाच उडी मारतो. तीस सेकंद मार खाऊन चालत आल्यावर मिळालेला तो एक क्षण! आखाड्यात धोबीपछाड बसल्यावर लोक फेटे का उडवतात ते मला तेव्हा कळलं.

ही फेक टाकायला दिशेची पूर्ण घिरकी द्यावी लागते. त्यात 'वर' पण येतं, म्हणून नवख्याचा झँगीफ फेकण्याऐवजी उडीच मारतो. युक्ती अशी : पुढे, खाली, मागे, वर, आणि 'वर' लागताक्षणी ठोसा. पाय जमिनीवरून सुटायला काही चित्रांचाच वेळ लागतो, तेवढ्यात ठोसा पडला पाहिजे. याहून सोपं म्हणजे आपला एखादा फटका चालू असतानाच घिरकी देऊन ठेवायची. मी आधी हलका ठोसा मारायचे आणि त्याच्या आडून फिरवायचे.

पंधरा दिवसांत अंगठ्याला फोड आला. पुण्यातून जुनी आर्केड स्टिक, म्हणजे पार्लरमधल्यासारखी दांडी आणि बटणं असलेला खोका, ५,५०० ला घेतली. ती पीएस४ ला चालते का, हे आधी स्वतः जोडून बघा. आतली दांडी सैल होती, ती जपानहून मागवली : दांडी २,४००, पाठवणी १,९००. ती २६ दिवसांनी आली. मुंबईला कस्टममध्ये अडकली, कुरियरवाल्यांनी ओळखपत्र मागितलं, आधारवर सासरचं नाव आणि ऑर्डरवर माहेरचं, म्हणून परत. मग पॅन, विवाह नोंदणीचा दाखला आणि एक अर्ज. ड्युटी आणि त्यांचं शुल्क मिळून आणखी १,७८०. परदेशातून काही मागवणार असाल तर ऑर्डर आधारवरच्या नावानेच करा, आणि ड्युटी धरूनच परवडतंय का ते बघा. दादाच्या हातात बघितलेली ती दांडी पहिल्यांदा माझ्या मुठीत आली, तेव्हा मी टीव्ही न लावता नुसती फिरवत बसले होते. टक, टक, टक, टक. चार दिशांचे चार आवाज.

ऑगस्टअखेरीला झँगीफही गोल्ड झाला, पण मनगट सुजलं. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. ती मी पाळली, आणि तुम्हीही पाळा. दुखतंय तसं खेळत राहिलं की हात चुकीचं वळण शिकतो. गणपती त्यातच आले, ते बरं झालं. त्या दिवसांत मी बकलरवरचे आकडे बघितले. कोपऱ्यात सापडलेला माझा वेळ भलताच जास्त होता आणि खाल्लेल्या फेकीही. हरल्यावर आपल्याला फक्त शेवटचा फटका आठवतो, आकडे आधीचं सगळं सांगतात. याच काळात वाचलं की हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

सप्टेंबरअखेरीला मॅनन. फ्रान्सची, ज्युदो आणि बॅले एकत्र. तिची फेक अर्ध्या घिरकीची, मनगटाला सोसणारी. प्रत्येक फेकीला एक पदक, पाच पदकांपर्यंत फेक जड होत जाते, आणि पदकं पुढच्या फेरीतही राहतात. पहिली फेरी गेली तरी त्यात मिळवलेलं हातात असतं, हे मला फार आवडलं, पीएफसारखं. पण महिन्याभरात लक्षात आलं की मी समोरच्याकडे बघतच नाहीये, नुसती पदकं मोजतेय. सिल्व्हरपाशी थांबले.

३ नोव्हेंबरला भाऊबीज. ओवाळणं, जेवण झालं आणि दादाला स्टिक दिसली. "ही कुणाची?" "माझी." तो मांडी घालून बसला, रियू घेतला, आणि तीस वर्षांनी, पहिल्याच झटक्यात, शोर्युकेन. मला ज्याला दोन महिने लागले ते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

मी त्याच्यासमोर धालसिम घेतला. पार्लरमध्ये आम्ही याला रबरमॅन म्हणायचो. "अगं, याला कुणी घ्यायचं नाही, फार हळू आहे," दादा म्हणाला. धालसिम १९९१ पासूनचा, स्ट्रीट फायटर २ मधला आपला भारतीय योगी. तेव्हा गळ्यात कवट्यांची माळ आणि पाठीमागे हत्ती. जपानमध्ये बसून कल्पनेने रंगवलेला भारत तो, आणि मोठं झाल्यावर मला त्याचा जरा रागच यायचा. पण या वेळी गोष्ट वाचली. हिंसा न आवडणारा, गावातल्या गरिबांसाठी लढणारा, बायको-मुलगा असलेला. मुलाचं नाव दत्ता. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. का कोण जाणे, त्या नावाने तो एकदम घरातला वाटला.

त्या दुपारी दादाला मी सात सामन्यांत पाच वेळा हरवलं. तो जवळ येईपर्यंत हात पोचायचा.

पुढचे चार महिने मात्र कठीण गेले. नव्या पात्राचे पुन्हा दहा सामने, त्यातले सात हरले. धालसिमचा हात लांबतो तसा तो हातच मार खाण्याची जागाही होतो. समोरचा पंजावर लाथ मारतो. लांबचा फटका आणि जवळचा फटका वेगळा, जवळच्यासाठी मागची दिशा धरून बटण दाबायचं, आणि घाबरलं की नेमकं हेच विसरतं. डिसेंबरभर मी एकच नियम पाळला : सामन्यागणिक एक गोष्ट वहीत लिहायची. 'केन धावत आला, लांबचा ठोसा मारला, चूक.' (केन हे समोरच्याचं पात्र.) अशी वही भरली. जानेवारीत कमान टाकणारा गोळा जमला, योगा आर्च. तो हवेतून सावकाश खाली येत असताना धालसिम अदृश्य होऊन समोरच्याच्या पाठीशी उभा राहतो. पुढे आग, मागे मी.

गाईलबरोबर शिकलेलं थांबणं, झँगीफबरोबरचं अंतर, दोन्ही इथे लागत होतं. नुसत्या रियूवर वर्षभर बसले असते तर धालसिम मला कळला नसता, असं मला खरंच वाटतं.

सामने मिळण्याबद्दल : आपल्याकडे रात्री दहानंतर बरे मिळतात, तेही बऱ्याचदा बाहेरच्या देशांतले. जोडणीचे पाचपैकी चार तरी दांडे दिसले तरच होकार द्यायचा. वाट बघायला कधी दहा-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात सराव चालू ठेवता येतो. माझ्या वाट्याला आखातातले केन फार आले. २०२३ ची एव्हो, म्हणजे मारामारीच्या खेळांची मोठी जागतिक स्पर्धा, अमिरातीच्या अँग्रीबर्डने केन घेऊनच जिंकली होती. तिकडचा केन दिसला की मी आधी पाणी पिऊन घ्यायचे.

२ मार्चला, रविवारी रात्री, १२,९६० गुण होते आणि समोर तसाच एक केन. एक-एक सामना, तिसऱ्यात एक-एक फेरी. त्याने मला कोपऱ्यात घातलं. पट्टीत दोन खण उरले होते. इम्पॅक्टचा रंग उडताना दिसला आणि हात आपोआप गेला, ते पंधरा मिनिटांचं काम. तो जागच्या जागी कोसळला आणि मी कोपऱ्यातून सुटले. मग आर्च, मग अदृश्य, मग पाठीमागून जवळचा ठोसा, आणि या वेळी मागची दिशा विसरले नव्हते. पावणेबारा वाजले होते. पडद्यावर प्लॅटिनमचं चिन्ह फिरत वर आलं. घरात सगळे झोपलेले, म्हणून मी तोंडावर उशी धरून ओरडले.

फोटो काढून दोघांना पाठवला. जर्मनीत तेव्हा संध्याकाळच होती, भाच्याचा लगेच फोन आला आणि तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. दादाचं उत्तर सकाळी मी डबा भरताना आलं. एकच शब्द : "आडूगेन?"

"नाही रे दादा," मी लिहिलं. "योगा फायर."